समाधी कोणाची म्हणावी?



सज्जनहो, एका चातुर्मासात सोलापूर मुक्कामी आमचे प्रवचन चालू असताना घडलेली गोष्ट. आरती झाली, बुक्का लावून मंडळी उठू लागली. एक तरुण मात्र खांबाशी तसाच बसून राहिला. गळ्यात तुळशीची माळ, अंगात कामावरचाच सदरा. बोलायचे आहे, पण तोंड उघडत नाही, असा त्याचा भाव दिसला. आम्ही विचारले, "काय रे बाबा, काय काम काढलेस?"

तो म्हणाला, "महाराज, वडील गेले. उभी हयात चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर गेली, पण आषाढीची वारी कधी चुकली न्हाई. आमच्यात पुरायची रीत हाय. तिथं आम्ही दगड बसवला आणि त्याच्यावर 'समाधी' असं लिहून घेतलं. एक मोठे गृहस्थ आले आणि म्हणाले, 'समाधी साधुसंतांची असते. तुम्हा लोकांचं ते थडगं. पाटी काढून टाका.' तर महाराज, आमचं चुकलं का?"

प्रश्न एका शब्दाचा होता, पण पोराच्या डोळ्यांत पाणी होते. आम्हाला तत्काळ उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. "उद्या ये" एवढेच म्हणालो. त्या रात्री आम्ही या शब्दांचा जो विचार केला आणि दुसऱ्या दिवशी श्रोत्यांपुढे जो मांडला, तोच आज वाचकांच्या सेवेला सादर करीत आहोत.

प्रथम आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द घेऊ. तो म्हणजे मसण. आपण या शब्दाला इतके भितो की तो शिवी म्हणूनच तोंडात येतो. पैसा वाया गेला तर "मसणात गेला" म्हणतो. रागाच्या भरात माय लेकराला "मसणात जा" म्हणते आणि मग रात्री त्याच लेकराच्या अंगावर पांघरूण घालते. म्हातारा मनुष्य "आमची लाकडं मसणात गेली" म्हणून आपल्या वयाचा हिशोब सांगतो. आणि स्मशानवैराग्य तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे! चिता पेटली की "संसारात काही अर्थ नाही" असे जो म्हणतो, तोच घरी येऊन आंघोळ झाल्यावर "बांधाचा दावा कुठपर्यंत आला?" असे विचारतो.

मसण हा शब्द संस्कृत श्मशान या शब्दाचा प्राकृतातून आलेला अपभ्रंश. आज स्मशान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिता उभी राहते. परंतु शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात हा शब्द येतो तो मृताच्या अस्थींवर रचलेल्या मातीच्या उंचवट्यासाठी. तो चौकोनी करावा की वाटोळा, किती उंच करावा, याचीही चर्चा तेथे आहे. म्हणजे स्मशान या शब्दाच्या पोटात दहनाच्या जोडीने पुरण्याचाही अर्थ पहिल्यापासून आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अठराव्या सूक्तात तर भूमीलाच विनविले आहे की, या गेलेल्या जिवाला तू मायेने झाकून घे. तेव्हा "पुरणे ही हलक्या लोकांची रीत" असे जे कोणी म्हणतात, त्यांनी वेदाकडे पाहिलेले नाही.

निरुक्तकार यास्क हा शब्दांची उकल करणारा प्राचीन आचार्य. त्याने श्मशान शब्दाची फोड करताना पहिल्या अक्षराचा अर्थ शरीर असा घेतला आणि पुढे शयन धरले. शरीर जेथे निजते ती जागा म्हणजे श्मशान. किती शांत अर्थ आहे पाहा! यात भूत नाही, प्रेत नाही, विटाळ नाही. दिवसभर राबलेला गडी निजतो, तसे देह निजले. आणखी नवल असे की, पश्चिमेकडे ग्रीक लोकांच्या भाषेत दफनभूमीला जो शब्द पुढे रूढ झाला, त्याचाही मूळ अर्थ निजण्याची जागा असाच आहे. इंग्रजीतील सिमेटरी हा शब्द त्यातूनच आला. हजारो कोसांवरच्या दोन लोकांना मृत्यूपुढे उभे राहिल्यावर झोपेचीच आठवण झाली.

आता दुसरे शब्द पाहू. आपले सोलापूर हे चार भाषांचे गाव. बाजारात उभे राहा, मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकदमच कानी पडतात. त्यामुळे या जागेला येथे नावेही अनेक. कबर हा अरबी शब्द, पुरणे या अर्थाच्या धातूपासून झालेला. दफन हाही अरबीच. कबरस्तान या शब्दातील 'स्तान' हे फारसी आणि आपल्या 'स्थान' शब्दाचे सख्खे भावंड. मजार म्हणजे जेथे भेटीला जावे ती जागा. आणि दर्गा? हा शब्द नीट ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे. फारसीत 'दर' म्हणजे दार आणि 'गाह' म्हणजे जागा. आपले द्वार आणि त्यांचे दर ही एकाच मुळाची रूपे. दर्गा म्हणजे दाराशी असलेली जागा, उंबरा. देहूहून तुकोबारायांची पालखी निघते तेव्हा अनगडशाहबाबांच्या दर्ग्याशी थांबते, हे वारकऱ्यांना सांगणे नको.

आमचे वीरशैव बांधव आपल्या दफनभूमीला रुद्रभूमी म्हणतात. त्यांच्यात मृताला इष्टलिंगासह बसलेल्या स्थितीत पुरतात आणि तो गेला असे न म्हणता लिंगैक्य झाला असे म्हणतात. ज्या सिद्धेश्वरांच्या तळ्याकाठी सोलापूर वाढले, ते शिवयोगी सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांची योगसमाधी तळ्यातील मंदिराच्या आवारात आहे. कानडी बोलणारा, मराठी बोलणारा, तेलुगू बोलणारा, सर्व तेथे हात जोडतात आणि सर्वजण तिला समाधीच म्हणतात.

राहिले थडगे. या शब्दाचा दोष एवढाच की आपण तो परक्यासाठी राखून ठेवला. आपल्या माणसाची ती समाधी आणि दुसऱ्याचे ते थडगे! शब्द बिचारा निरपराध आहे. बोलणाऱ्याच्या मनातला दुजाभाव त्याला चिकटला, म्हणून तो त्या पोराला सुरीसारखा लागला.

आता मुख्य शब्दाकडे वळू. समाधी. काही कीर्तनकार सम म्हणजे समान अशी फोड करून सांगतात. भाव गोड आहे, परंतु व्याकरणाशी प्रामाणिक राहिले पाहिजे. येथे सम् हा उपसर्ग आहे, त्याच्यापुढे आ आणि नंतर धा म्हणजे ठेवणे हा धातू. नीट, एकत्र, पूर्णपणे ठेवणे म्हणजे समाधी. पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली, त्यातले शेवटचे समाधी. चित्त ध्येयाच्या ठिकाणी असे ठेवायचे की आपण वेगळे उरू नये. म्हणजे मुळात समाधी ही जागा नव्हे, अवस्था आहे. दगड नव्हे, चुना नव्हे, पाटी तर नव्हेच.

मग अवस्थेची जागा कशी झाली? त्याचे कारण संन्याशाच्या अंत्यविधीत आहे. संन्यासी अग्नीचा त्याग करतो, म्हणून त्याच्या देहाला अग्नी देत नाहीत. त्याला भूमीत किंवा जळात ठेवतात. भूसमाधी आणि जलसमाधी हे शब्द तेथूनच आले. संन्याशाचे मरण हे मरण न मानता, तो समाधीत बसला असे मानले. "अमुक महाराज समाधिस्थ झाले" असे लोक म्हणू लागले, आणि हळूहळू जेथे ते बसले त्या ओट्यालाच समाधी म्हणू लागले. शब्द अवस्थेवरून जागेवर उतरला.

येथे आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. मनुस्मृतीप्रमाणे दोन वर्षांच्या आतील मूल गेले तर त्यालाही दहन नाही, त्याला भूमीतच ठेवायचे. म्हणजे ज्याचा संसार सुरू झाला नाही ते लेकरू आणि ज्याने संसार संपविला तो संन्यासी, दोघेही त्याच मातीच्या कुशीत. मातीने कोणाला विचारले नाही की तुझा अधिकार काय?

आता संतांकडे येऊ. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीला समाधी घेतली. तिला आपण संजीवन समाधी म्हणतो. येथे शब्द मूळ अर्थाने पुरता जुळतो. योगी बसला, चित्त ठेवले, देहही ठेवला. त्याच्या आदल्याच वर्षी, शके १२१७ मध्ये, आपल्या माढे तालुक्यातील अरण गावी सावतोबांनी देह ठेवला. सावतोबा योगी नव्हते, माळी होते. मोट, पाट आणि मळा हीच त्यांची साधना. त्यांच्याही स्थानाला वारकऱ्यांनी समाधीच म्हटले. इतकेच नव्हे तर इतर संतांच्या पालख्या पंढरीला जातात, पण अरणला पांडुरंगाची पालखी भेटीला येते.

याच्याही पुढची पायरी मंगळवेढ्याची. शके १२६०, इसवी सन १३३८. गावकुसाचे काम चालू होते. चोखोबा इतर मजुरांबरोबर कामावर होते. कुसू कोसळले आणि सारे त्याखाली गाडले गेले. विचार करा सज्जनहो, येथे आसन नाही, प्राणायाम नाही, निरोप नाही, टाळ नाही. अंगावर दगडमाती कोसळून आलेले हे कष्टकऱ्याचे मरण. नामदेवराय पंढरीहून मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यात कोणाच्या अस्थी कोणत्या हे कोण सांगणार? परंपरा सांगते की, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, अशी खूण नामदेवांनी धरली. त्या अस्थी त्यांनी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर ठेवल्या.

त्या जागेला आपण काय म्हणतो? चोखोबांची समाधी म्हणतो. थडगे म्हणत नाही. आमच्या मते या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच होय. जो शब्द अष्टांगयोगाच्या आठव्या अंगाला होता, संन्याशाच्या देहाला होता, तो वारकऱ्यांनी भिंतीखाली सापडलेल्या मजुराच्या हाडांना दिला आणि तो तेथे शोभला. कारण समाधी म्हणजे नीट ठेवणे. चोखोबांचे चित्त जिवंतपणीच विठ्ठलाच्या ठायी ठेवलेले होते. देह कसा पडला, भिंतीने पडला की आसनावर पडला, हा हिशोब तेथे उरला नाही.

पुढे शके १२७२, म्हणजे १३५० साली, नामदेवरायांनीही त्याच महाद्वारी देह ठेवला. त्यांनी गाभाऱ्यातली जागा मागितली नाही, पायरी मागितली, की येणाऱ्याजाणाऱ्या संतांची पायधूळ अंगावर पडावी. म्हणून ती नामदेव पायरी. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची कथाही तशीच. पायाशी आलेल्या त्या लेकीला देवाच्या आवारात ठेवले आणि तेथे तरटीचे झाड उगवले असे सांगतात. आणि देहूला पाहिले तर तुकोबारायांची समाधीच नाही! तेथे वैकुंठगमनाचे स्थान आहे आणि नांदुरकीचा वृक्ष आहे. म्हणजे आपल्या संप्रदायात कोणाचा ओटा, कोणाची पायरी, कोणाचे झाड, तर कोणाचे काहीच नाही. थोरवी बांधकामावर ठरली असती तर तुकोबांना आपण कोठे बसविले असते?

आता तो दर्गा शब्द आठवा. दाराशी असलेली जागा. आपल्या पंढरीच्या दाराशीही दोघे निजले आहेत, एक पायरी होऊन आणि एक पायरीसमोर. परंतु दोघांत एक भेद होता, तो सांगताना मान खाली जाते. नामदेवांनी दार स्वतः मागून घेतले. चोखोबांना मात्र दाराच्या आत येऊच दिले नव्हते. आपण सहाशे वर्षे त्यांच्या समाधीला नमस्कार करून आत जात होतो आणि त्यांच्या लेकरांना बाहेर उभे करीत होतो. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले, आणि त्या वर्षी ते दार हरिजन बांधवांना उघडले. १३३८ पासून १९४७ पर्यंत मोजा, सहाशे नऊ वर्षे होतात. शब्द आपण चोखोबांना लगेच दिला. दार द्यायला एवढा काळ लागला.

आणि ते दार उघडले म्हणून सर्व दारे उघडली काय? आजही कितीतरी गावांत मसणवटे जातवार वेगळे आहेत. एकाला पत्र्याची शेड, चौथरा, नळ, आणि दुसऱ्याला ओढ्याकाठचा काटेरी तुकडा. पावसाळ्यात प्रेत न्यायचे तर गुडघाभर चिखल, वाट दुसऱ्याच्या रानातून, आणि रानवाला आडवा. दिंडीत एकमेकांच्या पाया पडणारे आपण, भाकरी वाटून खाणारे आपण, शेवटच्या मुक्कामाला मात्र वेगवेगळ्या वाटेने जातो. यास्काचार्यांनी जिला निजण्याची जागा म्हटले, तेथेही आपण अंथरुणे वेगळी केली! ज्याचा देह निजला त्याची जात कोणाला दिसते? माती तर दोन दिवसांत सारे एक करून टाकते.

दुसऱ्या दिवशी तो तरुण आला. त्याच्याबरोबर त्याची आईही होती, डोईवर पदर घेऊन मागे बसली. आम्ही त्याला सांगितले ते असे.

"बाबा रे, तुझे चुकले नाही. तुझ्या वडिलांनी उभे आयुष्य मागावर हात आणि विठोबावर चित्त ठेवले. ठेवणे हाच या शब्दाचा अर्थ. चोखोबांच्या अस्थींना जो शब्द चालला तो तुझ्या वडिलांना जड व्हायचा नाही. पाटी काढू नकोस. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेव. त्या गृहस्थांशी भांडू नकोस. त्यांचा शब्द कठोर होता, तो त्यांच्यापाशी राहू दे. आणि दुसरी गोष्ट. समाधीला संगमरवर लावायच्या मागे लागू नकोस. हातात दोन पैसे असतील तर त्या जागेची वाट दुरुस्त कर, पाण्याची सोय कर, सावलीला एक लिंब लाव. आणि ती वाट, ते पाणी, ती सावली सर्वांना मोकळी ठेव. त्या गृहस्थांच्या घरचे कोणी उद्या त्या वाटेने आले तर त्यांनाही तांब्याभर पाणी दे. वडिलांची समाधी तेव्हा खरी पुरी झाली असे समज."

पोरगा काही बोलला नाही. त्याची आई मात्र म्हणाली, "महाराज, ते असते तर म्हणाले असते, दगड कशाला, त्या पैशात चार वारकरी जेवले असते."

श्रोतेहो, आम्ही रात्रभर ग्रंथ धुंडाळून जे सांगितले ते त्या माउलीने एका वाक्यात सांगितले. आम्ही तिला नमस्कार केला.

तेव्हा वाचकहो, एवढेच मागणे आहे. या आषाढीला महाद्वारी याल तेव्हा घाई करू नका. पहिला नमस्कार चोखोबांच्या समाधीला करा, दुसरा नामदेव पायरीला, आणि मग आत जा. परत गावी गेलात की एकदा आपल्या गावचा मसणवटा पाहून या. तेथली वाट सर्वांना सारखी आहे काय, पाणी सर्वांना सारखे आहे काय, हे पाहा. नसेल तर ग्रामपंचायतीत उभे राहून विचारा. माळकऱ्याने हे विचारले नाही तर कोणी विचारायचे? आणि रागाने कोणाला "मसणात जा" म्हणायचे तोंडात आलेच, तर तेथे आपले आजे-पणजे निजले आहेत हे आठवून शब्द गिळा. त्या जागी "विठ्ठल" म्हणा. चोखोबांच्या हाडांनी हा शब्द सोडला नाही, मग आपल्या जिभेला तो जड का व्हावा?

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!